अप्पांच्या पाण्यामागून : कऱ्हाड ते चिपळूण

अप्पा फेब्रुवारीत गेले. त्यानंतर आजीने कुठे जायचं नावच काढलं नव्हतं, शेजारच्या सोसायटीतल्या भजनालासुद्धा जाईना, आणि ऑक्टोबरमध्ये एका सकाळी चहा पिता पिता एकदम म्हणाली, मला एकदा कोयनानगर दाखवून आण. मी लगेच पुढच्या शनिवारची रजा टाकली.

अप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. डिप्लोमा करून १९६६ ला कोयनेवर ओव्हरसियर म्हणून लागले, मग पाटबंधारे खात्यात बदल्या होत होत २००१ ला डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झाले. नोकरीत बरीच कामं केली त्यांनी, पण आमच्या घरात नुसतं "धरण" म्हणलं की ते कोयनाच. पावसाळ्यात सकाळचा पेपर आला की पहिला प्रश्न, आज किती टीएमसी? कोयनेचे १०५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट, धरणात मावणारं सगळं पाणी) मला पाढ्यांच्या आधी पाठ होते.

पुण्याहून सहाला निघालो आणि आधी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर थांबलो. अप्पा म्हणायचे कोयना समजून घ्यायची तर इथून सुरुवात करायची. कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एकत्र वळून निघून जातात, नद्या अशा फार कमी ठिकाणी भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे, घाटावर सकाळची शांतता होती, आजी पायरीवर बसली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मी पण काही बोलले नाही.

पुढे मल्हारपेठ, पाटण, एका बाजूला नदी आणि दोन्हीकडे हिरवेगार डोंगर. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला येत राहते, आणि हेळवाकला एकदम पूर्वेला वळते. अप्पा हे ताटात बोटाने काढून दाखवायचे, आमटीची नदी आणि भाताचा डोंगर. नदी इकडे उंचावर आणि भाताच्या पलीकडे खाली कोकण, म्हणजे डोंगराच्या पोटातून बोगदा काढला की पाणी साडेचारशे मीटरहून जास्त खाली पडणार आणि त्यावर टर्बाइन फिरणार, एवढी साधी गोष्ट आहे बघ, असं म्हणायचे. मग भात फोडून आमटी पलीकडे सोडायची आणि मगच जेवायचं.

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. (वर भिंतीवर जायला परवानगी लागते, आम्ही काही ती काढली नव्हती.) १०३ मीटर उंच आणि आठशे मीटरहून लांब भिंत. दरवाजे बंद होते त्यामुळे पाण्याचे तुषार वगैरे काही नाही, नुसती करडी भिंत उन्हात उभी. कोणी पाहुण्यांनी "यांनी कोयना बांधलं" म्हणलं की अप्पा लगेच थांबवायचे, मी नाही हो बांधलं, मी आलो तेव्हा ते उभं होतं. पण ते उभं राहावं म्हणून जे काम झालं त्यात ते होते आणि मला ते जास्त मोठं वाटतं.

११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. हा भूकंप पार मुंबईपर्यंत जाणवला. आसपासच्या गावातली दगडमातीची घरं झोपेतल्या माणसांवर पडली, जवळपास १८० माणसं गेली. अप्पा तेव्हा चोवीस वर्षांचे. ते सांगायचे की अंधारात सगळे बाहेर धावले आणि जो तो एकच विचारत होता, धरण आहे का? धरण होतं. भिंतीला वरच्या भागात भेगा गेल्या होत्या पण तिने पाणी धरून ठेवलं. नंतरची काही वर्षं दुरुस्ती चालली, ग्राउटिंग झालं म्हणजे भेगा दाबाने भरून घेतल्या, उंच भागांना मागून काँक्रीटचा टेकू दिला. अप्पांची ड्युटी बराच काळ धरणाच्या पोटातल्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या बोळात असायची. तिथे झिरपून येणारं पाणी एका गटारातून व्ही आकाराच्या खाचेवरून जातं, खाचेवर पाणी किती उंच आहे ते पट्टीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. कमी झालं का, वाढलं का. मिलिमीटर मिलिमीटर. तेच त्यांचं काम.

हे सगळं ऐकून मला लहानपणी भूकंपाची जबरदस्त भीती बसली होती. मी दुसरीत होते, शेजारच्या बिल्डिंगचं खोदकाम चालू होतं आणि माझ्या खोलीच्या भिंतीला खिडकीपासून एक भेग गेली. मी त्या खोलीत झोपायलाच तयार नव्हते. घाबरू नको वगैरे अप्पा काही म्हणाले नाहीत. त्यांनी एक बोटभर रुंद काचेची पट्टी आणली, भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवली आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. म्हणाले, भिंत हलली तर आधी ही काच तडकेल, काच नीट आहे तोवर तू निवांत झोप. मग पंधरा दिवस स्वतः माझ्या खोलीत खाली सतरंजीवर झोपले, आणि रोज शाळेत सोडायच्या आधी चष्मा वर करून काच बघायचे आणि सांगायचे, ओके. मी दहावीला जाईपर्यंत हे "ओके" चालू होतं, तोपर्यंत भीती कधीच गेली होती पण मला ते ऐकल्याशिवाय दप्तर उचलवायचं नाही.

कॉलनीत आजीला त्यांचं क्वार्टर शोधायचं होतं. १९७० ला ती लग्न होऊन इथे आली, आई इथेच जन्मली. पण झाडं एवढी वाढलीत की तिला काही लागेना. दोन ठिकाणी "हेच" म्हणाली आणि दोन्ही वेळा परत "नाही गं" म्हणाली. शेवटी एका फणसाखाली उभी राहिली. "रात्री बारीकसा धक्का बसला तरी हे उठून बसायचे, आधी तुझ्या आईच्या पाळण्याला हात लावायचे आणि मग चपला घालून धरणाकडे." तिथे अजूनही छोटे धक्के बसतात म्हणे लोक, त्यांना सवय झालीये.

दुपारी कुंभार्ली घाट उतरलो. पोफळीचं पॉवरहाऊस डोंगराच्या आत आहे, बाहेरून काही दिसत नाही, पण आजीला कळत होतं कुठल्या डोंगरात काय आहे. तिथे वीज करून सुटलेलं पाणी पुढे कोळकेवाडीला अडवून परत वीज काढतात. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं, तलाव रिकामा न करता खालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, तेव्हा अप्पा दिवसभर जेवले नव्हते असं आजीने घाटात सांगितलं. हे मला माहीतच नव्हतं.

चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. गाडी पुढे लावून आम्ही चालत आलो. कऱ्हाडला सकाळी बघितलेल्या नदीचं पाणी, पण दुसऱ्या समुद्राकडे निघालेलं. आजी कठड्याला धरून उभी होती.

"दिवाळीआधी रंगवाला येणारे ना?"

"हो, सोमवारी."

"त्याला सांग, तुझ्या खोलीतली काच काढायची नाही. कडेकडेने ब्रश मार म्हणावं. आणि तारखेवर पण नको."