जुन्या पिकअपचा वारा आपोआप काचेवर जायचा, त्याचा शोध

आमची डिझेल पिकअप जुनी आहे, पण मालासाठी अजून रोज चालते. ऐन मे महिन्यात तिचं एक नवंच सुरू झालं. फाटकावर किंवा सिग्नलला उभं राहिलं की एसीचा वारा तोंडावर यायचा बंद व्हायचा आणि सगळा पुढच्या काचेवर जायचा. गाडी पळायला लागली की परत तोंडावर. नॉब मात्र जागच्या जागी. जळगावच्या पंचेचाळीस डिग्रीत हे सहन करणं म्हणजे काय, ते इकडच्यांना सांगायला नको.

या गाडीत वाऱ्याच्या झडपा केबलवर नाहीत, व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर आहेत. नॉब फिरवला की बारीक नळीतून डायाफ्रामच्या (आत लवचिक पडदा असलेल्या) डबीला ओढ मिळते आणि डबीची दांडी झडप ओढते. ओढ गेली की स्प्रिंग झडपेला काचेच्या बाजूला नेते. ही सोय मुद्दाम केलेली असते, म्हणजे बिघाड झाला तरी काचेवरचं धुकं हटतं.

पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेतून मिळतो, म्हणून तिथे चढावर अॅक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होऊन वारा काचेकडे पळतो. डिझेलला तशी ओढ इनटेकमध्ये मिळत नाही, त्यामुळे वेगळा पंप लागतो. आमच्या गाडीत तो अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) मागच्या टोकाला आहे. रेस वाढली की तोही जोरात फिरतो. म्हणजे उभ्या गाडीत वारा पळतोय, तर नॉब आणि झडप ठीक आहेत. एकतर पंप थकलाय, नाहीतर कुठेतरी गळती आहे.

एका गॅरेजमध्ये अख्खा डॅशबोर्ड उतरवायला सांगितलं. मी नको म्हटलं. उन्हाने कडक झालेलं प्लास्टिक एकदा उघडलं की त्याच्या क्लिपा पुन्हा धड बसत नाहीत. मग अमळनेरच्या आमच्या जुन्या मिस्तरींना दाखवलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "भाऊ, ब्रेक बी याच पंपवर शे. पहिले ते देख."

हेच मला सगळ्यांना सांगायचंय. वारा भरकटला हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. कन्नड घाट उतरताना ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, पुरेसा व्हॅक्यूम मिळाला नाही, तर पेडल दगडासारखं होतं आणि भरलेली गाडी थांबवायला सगळा जोर लावावा लागतो.

इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, पाय तसाच ठेवून गाडी चालू केली. पेडल थोडं खाली गेलं, म्हणजे बूस्टर काम करत होता. मग पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज (ओढ मोजायचं मीटर) लावला. स्लो रेसलाच काटा पाऱ्याच्या पंचवीस इंचांच्या आसपास गेला, म्हणजे पंपही चांगला. डॅशकडे जाणारी बारीक नळी जोडून त्याच लाईनवर गेज धरला, तर काटा पार घसरला. दोष त्या नळीच्या पुढे होता.

इथे साबणाचं पाणी लावून उपयोग नाही. हवा आत ओढली जाते, फुगे येणार कुठून? मिस्तरींनी एका रबरी नळीचं टोक कानाला लावलं आणि दुसरं लाईनवरून फिरवत नेलं. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून नळी आत जाते, तिथल्या रबरी बुचापाशी सूं-सूं ऐकू आलं. बूच सरकवलं तर खाली नळीला आडवी चीर. उष्णतेने ती इतकी कडक झाली होती की वाकवताच तुटून हातात आली.

एकाने सलाईनची नळी टाकायला सांगितलं. कृपा करून टाकू नका. ती मऊ असते, ओढ बसली की चपटी होते आणि इंजिनच्या गरमीत आणखी ढिली पडते. व्हॅक्यूमचीच जाड भिंतीची रबरी नळी जळगावला सहज मिळाली.

नळी बदलल्यावर वारा तोंडावर थांबला, पण पायाकडे जाईना. ग्लोव्ह बॉक्स काढून मागच्या डबीला हाताने ओढ देणारा, गेजवाला व्हॅक्यूम पंप लावला. काटा चढायचा आणि लगेच उतरायचा. आतला डायाफ्राम फाटला होता. शेजारच्या डबीवर तोच काटा चढला आणि तिथेच थांबला. फाटकी डबी तेवढी बदलली. डॅशबोर्डला शेवटपर्यंत हात लावावा लागला नाही.

आता सर्व्हिसिंगला ऑइल बदलताना त्या बुचापाशी नळी दाबून बघतो. बोटाला कडक लागली की बदलायची, चीर पडायची वाट बघत नाही.