मोरस खुडायला खारेपाटात

आत्याचं गाव अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. तिथल्या चिखलात उगवणारी मोरस ही रानभाजी खुडायची होती. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे रिक्षा. दिवस मुद्दाम अष्टमीचा धरला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: आठाचे सहा. म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास, शिवाय भांगाची, म्हणजे लहान भरती असल्यामुळे पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला जाऊ नका. ऐन दुपारी भरती, तीही उधाणाची. बांधावर बसून पाणी बघत राहाल.

बांधाच्या आत भातशेती, बाहेर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आणि मधल्या मोकळ्या चिखलात मोरस. नाडीचे जुने बूट घाला. माझी एक सँडल चिखलाने ठेवून घेतली ती घेतलीच.

मोरसची पानं शेवयांसारखी बारीक, पण गुबगुबीत. झाड मुळातून आलेलं मीठ पानांतल्या पाण्यात साठवतं, म्हणून दाताखाली पान फुटलं की खारट पाणी येतं. जून पानं तांबूस होतात, ती सोडायची. कोवळे हिरवे शेंडे तेवढे खुडायचे, रोप उपटायचं नाही. शेजारीच कांड्याकांड्यांचं, पानंच नसल्यासारखं दिसणारं माचूळ असतं. ते वेगळं. तिवराचं पान मात्र उलटं करून बघाच, खाली मिठाचे कण चमकतात. बघून सोडून द्या. कांदळवन तोडायला उच्च न्यायालयाची बंदी आहे. नाल्याच्या तोंडाशी किंवा कारखान्याच्या सांडपाण्याजवळ वाढलेली मोरस घेऊ नका, ही झाडं मिठाबरोबर जड धातूही ओढून घेतात.

खरं काम घरी. भाजी तीनचार पाण्यांत धुवायची, उकळायची, ते पाणी फेकायचं, गार झाली की मुठीत घट्ट पिळायची. आत्या हे दोनदा करते. पिशवीभर मोरस वाटीभर होते, तेव्हा भरपूर खुडा. मुतखडा असेल तर बेतानेच खा. हिच्यात ऑक्झलेट असतं.

फोडणीला लसूण, कांदा, मिरची, मूठभर सोडे (सुकवलेली कोलंबी). मीठ नाही! मी सवयीने चिमूटभर टाकलंच. आत्याने नुसतं बघितलं. मग भिजवलेली चणाडाळ आणि अर्ध्या नारळाचं खोबरं ओतून तिने कढई वाचवली. तरी जेवताना पाण्याचे दोन तांबे संपले.