सात मिनिटांत पाच पायऱ्या

रविवारच्या मॅचची विक्री मंगळवारी सकाळी ११ वाजता उघडली आणि ११ वाजून ७ मिनिटांनी पूर्व स्टँडच्या वरच्या मजल्याचा दर कमाल मर्यादेला जाऊन टेकला. विक्रीला ४,२०० खुर्च्या, सुरुवातीचा दर १,००० रुपये, कमाल १,५००. टी-ट्वेंटी लीगमधल्या एका टीमचे तिकीटदर ठरवण्याचं काम मी करतो. त्या मजल्याला ही मर्यादा गाठायला निदान दोन दिवस लागतील, असा आमचा हिशोब होता.

आमची पद्धत रेल्वेच्या फ्लेक्सी भाड्यासारखी होती. सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला ते भाडं लागू झालं: दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाड्यात १० टक्के वाढ, जास्तीत जास्त दीडपट. आमच्याकडेही दर १० टक्के खुर्च्या गेल्या की दर १०० रुपयांनी वर, अशा पाच पायऱ्या. पण प्रेक्षकाला १०० रुपयांची पायरी १४० ची पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटांवर जीएसटी ४० टक्के झाला, आधी तो २८ होता. म्हणजे १,००० चं तिकीट हातात १,४०० ला आणि १,५०० चं २,१०० ला. बुकिंग फी वेगळी. दर ठरवणाऱ्यांच्या तक्त्यात कराआधीचा आकडा असतो आणि घेणारा करासकटचा आकडा बघून ठरवतो. मागणीचा अंदाज चुकण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

स्क्रीनवर पायऱ्या चढताना बघून शंका आली ती उन्हामुळे. मॅच दुपारी साडेतीनची होती. पूर्व स्टँडमध्ये बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे पहिला डाव संपेपर्यंत ऊन थेट डोळ्यांवर. वरच्या मजल्याला छत आहे, पण पुढच्या अकरा रांगा त्याच्या सावलीत येत नाहीत. संध्याकाळी साडेसातच्या मॅचला या खुर्च्या भराभर जातात. दुपारच्या मॅचला याच सगळ्यात शेवटी जातात आणि पश्चिमेची सावली आधी. त्या दिवशी पश्चिम स्टँड दुसऱ्या पायरीवर होता आणि पूर्व पाचव्या. मैदान माहीत असलेल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं.

पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून घेणाऱ्या यंत्रणेचा, रिपोर्ट मागवला. विक्रीची स्क्रीन म्हणत होती २,१३४ खुर्च्या गेल्या. गेटवे म्हणत होता पैसे जमा झाले ६१० खुर्च्यांचे. उरलेल्या १,५२४ खुर्च्या कुणाच्या तरी कार्टमध्ये अडकलेल्या होत्या.

गिऱ्हाईक खुर्ची निवडतं तेव्हा ती ८ मिनिटांसाठी लॉक होते, म्हणजे दोघांना एकच खुर्ची विकली जात नाही. एरवी पैसे मिनिट-दीड मिनिटात येतात आणि लॉकचं विक्रीत रूपांतर होतं. त्या दिवशी यूपीआयचं कन्फर्मेशन उशिरा येत होतं. खुर्च्या लॉक, पैसे अधांतरी. पूर्व स्टँडचा दर सगळ्यात कमी, म्हणून सगळे आधी तिथेच क्लिक करतात. त्यामुळे लॉकही तिथेच साचले. आणि दर चढवणारा नियम लॉक झालेली खुर्ची विकलेली म्हणून मोजत होता. ६१० म्हणजे साडेचौदा टक्के. दर १,१०० ला हवा होता.

खरं नुकसान पुढे झालं. ८ मिनिटं संपली की लॉक सुटतात आणि खुर्च्या पुन्हा विक्रीला येतात. साडेअकराशेच्या वर खुर्च्या अशा परत आल्या, पण दर खाली आला नाही, कारण पायरी फक्त चढायची अशीच योजना होती. लॉगमधली एका फोन नंबरची नोंद इथे देतो. ११:०२ ला एम ब्लॉकच्या नवव्या रांगेतल्या सलग चार खुर्च्या निवडल्या, रक्कम ५,६००. यूपीआय प्रलंबित. ११:१० ला लॉक सुटलं. ११:११ ला त्याच नंबरवरून त्याच चार खुर्च्या पुन्हा निवडल्या, रक्कम ८,४००. ११:१२ ला पान बंद. या माणसाचं स्वतःचं अडकलेलं पेमेंट आमच्या नियमाने मागणी म्हणून मोजलं आणि त्याच्याचसाठी दर वाढवला. चार खुर्च्या, बहुतेक एखादं कुटुंब असेल.

मैदानातल्या खुर्च्या ठरलेल्या असतात, आज मागणी वाढली म्हणून उद्या पाचशे जास्त बसवता येत नाहीत. म्हणून पुरवठ्याची बाजू स्थिर धरायची आणि फक्त मागणीकडे बघायचं, एवढं सोपं हे काम वाटतं. पण मागणी नेहमी एखाद्या दराला असते. १,४०० देऊन बसायला किती जण तयार आहेत आणि २,१०० देऊन किती, या दोन वेगळ्या संख्या आहेत. ऑनलाइन रांगेत उभी माणसं ही यातली कुठलीच संख्या नाही. एकाच घरातून तीन फोन रांगेत असतात. ब्लॅकचा दरही फसवतो. शेवटच्या दीडशे तिकिटांना कुणी तिप्पट दिले म्हणून चार हजार खुर्च्या तिप्पट दराला जात नाहीत. भरवसा एकाच गोष्टीवर ठेवता येतो: अमुक दराला, अमुक वेळात, पैसे जमा झालेली तिकिटं किती. पहिल्या ७ मिनिटांत ६१०. दर १,५०० ला गेल्यानंतरच्या १९ मिनिटांत ८४.

११:२६ ला त्या मजल्याची विक्री थांबवली.

अकाउंट्समधल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, ‘अहो, राहू द्या की दर वरच. रविवार आहे, जातील.’ त्यांचा मुद्दा हिशोबानेच तपासला. दर नीट पायऱ्यांनी चढला असता तर पूर्ण भरलेल्या मजल्याची सरासरी १,३५० बसली असती: ४,२०० खुर्च्यांचे ५६ लाख ७० हजार. १,५०० ला तेवढीच रक्कम यायला ३,७८० खुर्च्या जायला हव्यात. म्हणजे ४२० खुर्च्या रिकाम्या राहूनही बरोबरी होते, हे खरं. पण १९ मिनिटांत ८४ हा वेग विक्री उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातला होता, आणि एवढी गर्दी पुढे मॅचच्या आदल्या दिवसापर्यंत होत नाही. शिवाय रिकाम्या खुर्चीवरचा माणूस वडापाव घेत नाही, जर्सी घेत नाही. ऊन पडलेल्या पुढच्या रांगा मोकळ्या राहिल्या तर टीव्हीवर सगळ्यात आधी त्याच दिसतात, आणि प्रायोजक त्याबद्दल विचारतात. सहकाऱ्यांनी ऐकून घेतलं. दर १,१०० ला आणायचा आणि जास्त घेतलेले पैसे परत करायचे ठरलं, आणि मग परताव्याच्या कामाचा अर्धा भार त्यांनीच उचलला.

तो भार लहान नव्हता. विक्री झालेल्या ६९४ तिकिटांची यादी पेमेंटच्या वेळेनुसार लावली. पहिली ४२० तिकिटं १,००० ची, पुढची १,१०० ची. त्याहून जास्त ज्यांच्याकडून घेतलं गेलं त्यांना फरक परत. ज्याने १,५०० भरले त्याला ४०० आणि त्यावरचा कर १६०, मिळून ५६०. कर आधीच बिलात लागलेला असल्यामुळे नुसते पैसे परत करून भागत नाही. प्रत्येक बिलामागे क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढावी लागते, नाहीतर न मिळालेल्या रकमेवरचा कर आपल्या डोक्यावर राहतो. ३३७ तिकिटांच्या नोटा निघायला रात्रीचे नऊ वाजले.

फक्त पुढच्यांसाठी दर उतरवायचा आणि आधीच्यांना काही द्यायचं नाही, हा तिसरा मार्गही चर्चेत आला होता. मी त्याला ठाम विरोध केला. लवकर घेणारा माणूस सगळ्यात पक्का गिऱ्हाईक असतो. त्यालाच महाग पडलं तर पुढच्या मॅचला तोही थांबून बघतो, आणि सगळे थांबून बघू लागले की दर ठरवायला आकडेच उरत नाहीत.

नियम त्याच आठवड्यात बदलला. आता पायरी मोजायची ती पैसे जमा झालेल्या खुर्च्यांवर. एकदा चढल्यावर पुढच्या पायरीला किमान ३० मिनिटं. पेमेंट यशस्वी होण्याचं प्रमाण नेहमीपेक्षा घसरलं की सगळे दर आहेत तिथे गोठतात आणि माणसाने बघितल्याशिवाय सुटत नाहीत. पुढच्या अकरा उन्हाच्या रांगा दुपारच्या मॅचला वेगळा गट म्हणून धरल्या, दर दोन पायऱ्या खाली. या सबुरीने खऱ्या गर्दीच्या दिवशी थोडं नुकसान होतं. अर्ध्या तासात ८०० तिकिटं एक पायरी स्वस्त गेली तर ८०,००० रुपये. ते आम्ही मान्य केलं आहे. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल टीमनेही बदलत्या दरांची सुरुवात २००९ मध्ये सुमारे २,००० खुर्च्यांपासून केली आणि सगळं मैदान त्यात आणलं ते पुढच्या वर्षी. आम्ही पहिल्याच हंगामात सगळे ब्लॉक एकदम त्यात टाकले होते. ती घाई होती, हे आता स्वच्छ दिसतं.

त्या दिवशी ज्यांचं पेमेंट अडकलं त्या सगळ्या नंबरांना दुपारी १ वाजता एसएमएस गेला: दर १,१००, करासकट १,५४०, दोन तास तुमच्यासाठी राखीव. बरेच जण परतले. एम ब्लॉकच्या नवव्या रांगेतल्या त्या चार खुर्च्या तीनपर्यंत राखीव राहिल्या आणि ३:०६ ला दुसऱ्या एका नंबरवर गेल्या. पहिल्या नंबरवरून त्या मॅचचं तिकीट शेवटपर्यंत घेतलं गेलं नाही.