तुम्ही विचारलंत म्हणून: आबा उंबऱ्याशी का झोपायचे

आमच्याकडे मुक्कामाला आलेला प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसला की विचारणारच, की तुमचे आबा रात्री दारात का झोपतात, फौजेची सवय का? आबांच्या दहाव्याला नदीवर सुद्धा दोघांनी विचारलं. तेव्हा मी नुसती मान हलवली. खरं उत्तर एवढं लांब आहे की नदीवर उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाहीच.

आधी झोपायची पद्धत सांगतो. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला घोंगडं टाकायचे, पाय चौकटीला टेकतील असे, उशाशी बॅटरी, चपला दाराकडे तोंड करून जोडीनं ठेवलेल्या. दाराला कडी नाही म्हणजे नाही, नुसतं लोटून घ्यायचं, आणि झोपायच्या आधी आतल्या सगळ्या खोल्यांची दारं पण हातानं ढकलून बघायची की कुणी आतून बोल्ट लावलाय का. थोरल्या आत्याचे मिस्टर लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले तेव्हा त्यांनी बिचाऱ्यांनी खोलीची कडी लावली, तर आबांनी रात्री अकराला दार वाजवून जावयाला कडी काढायला लावली 😄 तो किस्सा अजून प्रत्येक लग्नात निघतो.

लोकांना वाटायचं म्हातारा पहाऱ्यावर आहे. वाटणारच, आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, फर्स्ट मराठा, म्हणजे १७६८ सालापासूनची जंगी पलटण, चीनच्या लढाईनंतर बेळगावला भरती झाले आणि हवालदार होऊन पेन्शनवर आले. एकाहत्तरच्या पाकिस्तानबरोबरच्या लढाईत पूर्वेकडे, आताच्या बांगलादेशात होते. तिथल्या जमालपूरचं नाव ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत असेल, आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि पलीकडच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून दक्षिणेकडं निघाले आणि तिथं वाटेत मराठ्यांनी रस्ता अडवलेला होता. ११ तारखेला जमालपूर पडलं. एवढी मोठी गोष्ट, आणि आबांना विचारलं तर काय सांगायचे, थंडी लय हुती आन् चहा नव्हता. बास. आम्ही पोरं चिडायचो.

पण ११ डिसेंबर म्हटल्यावर पाटण तालुक्यातल्या माणसाला जमालपूर आठवत नाही हो. १९६७ चा कोयनेचा भूकंप, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. जवळपास १८० माणसं गेली, कोयनानगर तर झोपलंच, धरणाला चिरा पडल्या पण धरण राहिलं, पार मुंबईची लाइट गेली. आमचं घर दगडमातीचं होतं. पणजी रोज चारला उठून जात्यावर बसायची आणि जातं मागच्या भिंतीला लागून. आज्जी तेव्हा विशीतली, कडेवर थोरली आत्या, ती दारापर्यंत आली आणि दार उघडेना. चौकट तिरकी झालेली, कडी अडकून बसली. शेजारच्यांनी बाहेरून पहार घालून दार फोडलं म्हणून त्या दोघी वाचल्या. पणजीला काढायला दुपार झाली.

आबा तेव्हा उत्तरेत कुठंतरी पोस्टिंगला. बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली, घरची तार नंतर पोचली, मग सुट्टी मंजूर होणार, मग गाडी, पोचले तेव्हा नववा दिवस. दहावा करून, वर्षभरात लाकडी सांगाड्याचं, वर पत्रा घातलेलं घर उभं केलं, आणि खालच्या तिघा भावांना तिथनं पुढं मनीऑर्डरीवर शिकवलं. स्वतःचं लेकरू घरात असताना भावांच्या फिया आधी, हे आज्जी अजून बोलून दाखवते, कौतुकानं की रागानं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

मी कॉलेजला असताना एकदा मुद्दाम विचारलं, आबा तुम्हाला भीती कुठं जास्त वाटली, तिकडं लढाईत का? बराच वेळ अडकित्त्यात सुपारी धरून बसले. मग म्हणाले, "आरं तिकडं ठावं तरी हुतं गोळी कुठनं येनार. आन् मी हुतो की तितं. हितं न्हवतो." जमालपूरच्या त्या पहाटे कुणीतरी तारीख बोललं आणि त्यांच्या ध्यानात आलं की बरोबर चार वर्षं झाली. घरात पणजीचं श्राद्ध तिथीनं व्हायचं, पण आबांची तारीख. दर वर्षी त्या रात्री ते झोपायचेच नाहीत, दारात बसून राहायचे, चार एकवीस झाली की उठून तोंड धुवायचे आणि गोठ्यात जायचे.

कोयनेला अजून धक्के बसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही, भांडी वाजली की कळतं. पण आबा असेपर्यंत धक्का छोटा असो मोठा असो, सगळ्यांनी अंगणात यायचं आणि आबा बॅटरी एकेकाच्या तोंडावर मारून गिनती करणार. आणि दर वेळी एक कमी भरायचा, कारण हवालदारसाहेब स्वतःला मोजायचेच नाहीत. मग परत पहिल्यापासून.

एकाहत्तरच्या लढाईची ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही आबांची पदकं काळ्या ट्रंकेत आहेत, फोटोखाली लावा असं सगळे म्हणतात, आज्जी काढू देत नाही. दाराला कडी पण लावू देत नाही. परवा धाकटा चुलता म्हणाला, आई, आता दिवस वाईट आलेत, चोर शिरला तर? तर म्हणाली, शिरू दे, त्या ट्रंकेला दोन माणसं लागत्यात उचलाय, तवर मी उठते.