पाठीच्या आतला स्नायू सापडेपर्यंत

कंबरदुखीवर व्यायाम सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. पाठीवर अंगठा ठेवून "हा तुमचा स्नायू, आता हा काम करतोय, आता थांबला" असं सांगणारं माणूस मिळायला मात्र मला हेलपाट्यांवर हेलपाटे घालावे लागले. त्या हेलपाट्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि दुसऱ्या कुणाचे तरी वाचावेत म्हणून हे लिहितोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर लेथवर उभं राहायचं, वाकून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा, फौंड्रीतून आलेली कास्टिंग उचलायची. कंबर अधूनमधून धरायची. गोळी, शेक, बेल्ट, चार दिवस आराम, की परत कामावर. एकदा मात्र डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ उतरली. मग हाडांचे डॉक्टर झाले, एमआरआय झाला. एल-फोर, एल-फाइव्हमधली, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी मागे आलीय, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा, असं सांगितलं. इथवर सगळं सुरळीत झालं.

अडलं ते फिजिओथेरपी विभागात. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण इतर ठिकाणीही असंच चालत असणार.

सकाळी केसपेपर काढायचा, टोकन घ्यायचं आणि लाकडी बाकावर बसायचं. कंबर दुखणाऱ्या माणसाला तासभर पाठ न टेकता बसवतात, हे तिथल्या कुणाच्याच मनात कसं येत नाही? नंबर आला की पडद्याआड पालथं झोपायचं, कमरेला आयएफटीचे, म्हणजे विजेच्या हलक्या शेकाचे पॅड लावतात, मुंग्या आल्यासारखं होतं, घंटा वाजली की उठायचं. कधी शेकाचं मशीन, कधी कंबर ताणायचं ट्रॅक्शन. संध्याकाळपर्यंत बरं वाटायचं, हे खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी कास्टिंग उचललं की पुन्हा तेच.

व्यायामाचं विचारलं तर हातात एक कागद आला. झेरॉक्सची झेरॉक्स, चित्रांतल्या माणसांचे हातपाय पुसट झालेले. खाली लिहिलेलं, "पोट आत घ्या, 10 सेकंद धरा, 10 वेळा." पोट किती आत घ्यायचं? श्वास सोडून की घेऊन? पाठ हलली तर चालते का? मी विचारलं. "काका, कागदावर सगळं आहे," म्हणून पुढचं टोकन पुकारलं. पुढच्या खेपेला माणूस नवा, उत्तर तेच.

मग कळलं की माझ्या चिठ्ठीवर फक्त मशीनचं लिहिलंय. कुणीतरी समोर बसून व्यायाम शिकवायचा असेल, तर हाडांच्या ओपीडीतून तसं वेगळं लिहून आणावं लागतं. त्या ओपीडीत माझे डॉक्टर ठरलेल्या वारीच बसायचे. त्या वारी गेलो तर गर्दीत नंबर लागेना. नंबर लागला त्या दिवशी डॉक्टरांनी दोन शब्द लिहून सही केली, पण खाली विभागात आलो तर व्यायामाच्या खोलीची वेळ संपलेली. दोन शब्दांसाठी किती दिवस वर्कशॉप बंद ठेवायचं? पाय दुखत असताना त्या जिन्यावरून वर-खाली करताना मला जितका संताप आला, तितका पार्टीनं पैसे थकवल्यावरही येत नाही. मशीनला माणूस आहे, शिकवायला नाही, आणि दुखणं तर शिकण्यावरच अडलेलं.

मधल्या काळात सल्ले सुरूच होते. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं, त्या गावात पहिला सल्ला तालमीतूनच यायचा. "जोर-बैठका मार, कंबर लोखंडाची होतीय." माझा एक मित्र जुना मल्ल आहे, त्याचा शब्द मी कधी मोडत नाही. पण जोर मारायला वाकलो की पायात कळ यायची. तोच पुढं म्हणाला, "मग आधी आतलं काहीतरी बघायला पाहिजे." तालमीतला माणूस हे बोलला, कागद देणाऱ्यांपैकी कुणी बोललं नाही.

शेवटी व्यायामाच्या खोलीत एक इंटर्न मुलगी भेटली. तिनं कागद बाजूला ठेवला आणि आधी पाठीला हात लावला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, अगदी हाडाला चिकटून, तिनं अंगठे दाबले आणि म्हणाली, "काका, पाठ न हलवता माझ्या अंगठ्याखाली हळूच फुगवा." उजवीकडे थोडं काही झालं. डावीकडे काहीच नाही. ज्या पायात कळ, त्याच बाजूला.

तो स्नायू म्हणजे मल्टिफिडस. माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडापासून थेट मानेपर्यंत, मणक्याला लागून, दोन-चार मणके ओलांडणाऱ्या आखूड पट्ट्यांनी बनलेला. कमरेत तो सगळ्यात जाड. पुढून पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू पट्ट्यासारखा धरतो, वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ. या चौघांनी मिळून कणा स्थिर ठेवायचा. स्नायू काढून टाकलेला नुसता हाडं आणि अस्थिबंधांचा कमरेचा कणा प्रयोगशाळेत सुमारे 90 न्यूटनला, म्हणजे साधारण नऊ किलोच्या भाराखाली, वाकून कोसळतो. हा आकडा वाचला तेव्हा मला पटलं. लेथच्या चकमध्ये, म्हणजे त्याच्या पकडीत, जॉब नीट धरलेला नसेल तर कितीही चांगलं टूल लावा, कंपन येणारच.

दुसरी गोष्ट तिनं सांगितली, ती मला आधीच कुणीतरी सांगायला हवी होती. दुखणं थांबलं म्हणजे हा स्नायू आपोआप परत भरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी 1996 साली हे दाखवलं. पहिल्यांदाच कंबर धरलेले 39 रुग्ण, बहुतेकांचं दुखणं चार आठवड्यांत गेलं, पण ज्यांनी नेमका व्यायाम केला नाही त्यांचा स्नायू दहा आठवड्यांनीही बारीकच होता. 2001 साली त्यांनी पुढची नोंद छापली: वर्षभरात व्यायाम न केलेल्यांपैकी 84 टक्क्यांना पुन्हा त्रास, केलेल्यांपैकी 30 टक्क्यांना. अभ्यास छोटा आहे, आणि जुनाट कंबरदुखीत हा व्यायाम इतर चांगल्या व्यायामांपेक्षा फार वरचढ ठरत नाही, असं नंतरच्या मोठ्या आढाव्यांत आलंय. तरी माझी कंबर परत परत का धरायची, याचं पटेल असं कारण मला तिथं पहिल्यांदा मिळालं.

शिकवण्याची तिची युक्ती साधी. बीपी मोजायचा पट्टा. पालथं झोपवून तो पोटाखाली ठेवला, काटा 70 वर आणला. "बेंबीखालचं पोट पलंगावरून अलगद उचलल्यासारखं करा. छाती नको, पाठ नको. आणि बोलत राहा." बोलत राहा, कारण बोलताना श्वास रोखता येत नाही. हे कागदावर कुठंच नव्हतं. काटा 6 ते 10 नं खाली आला पाहिजे आणि 10 सेकंद तिथंच राहिला पाहिजे. माझा आधी दोननं हलायचा आणि उडी मारून वर यायचा. जोर लावला की बाहेरचे मोठे स्नायू ताणायचे आणि आतला गप्प बसायचा. थोडक्या ताकदीनं, पूर्ण जोराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, हे हातानं काम करणाऱ्या माणसाला समजायला वेळ लागतो. पण एके दिवशी काटा खाली जाऊन स्थिर राहिला, आणि डाव्या अंगठ्याखाली काहीतरी हललं. "आलं बघा काका!" ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की बाहेर येऊन बायकोला फोन केला.

त्यापुढचं भराभर झालं. गुडघे-हातांवर ओणवं होऊन उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, पाठ सपाट, 10 सेकंदांच्या आत खाली. कुशीवर कोपर टेकून कंबर उचलायची, सुरुवातीला गुडघे वाकवून. उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, म्हणजे पूल करायचा. आधी आतला स्नायू हलकाच धरायचा आणि मगच हातपाय. रोज थोडं, थकेपर्यंत नाही. हळूहळू पायातली कळ वर वर सरकली आणि गेली. दुखणं पायातून कमरेकडे सरकणं ही चांगली खूण, उलट ते खाली उतरायला लागलं तर थांबायचं.

आठवेल तसं सांगतो. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खाली वाकू नका, रात्रीत गादी पाणी ओढून फुगलेली असते. बाथरूममधली बादली उचलायची ती गुडघ्यातून. बेल्ट फक्त जड कामापुरता. शिंक येईल असं वाटलं की ताठ उभे राहा आणि भिंतीला हात लावा. गाडीला किक मारू नका, बटण स्टार्ट असेल तर तेच. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना, तर यातलं काही करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि हाडांच्या डॉक्टरांसमोर बसलेले असतानाच चिठ्ठीवर "व्यायाम शिकवणे" असं लिहून घ्या. मशीनचं लिहिलं असेल तर त्याच्या शेजारीच लिहून घ्या, सहीसकट. व्यायामाच्या खोलीची वेळ आणि तिथं कोण असतं ते टोकन घेण्याआधी विचारा. हात न लावता कागद पुढं केला, तर कागद घ्या आणि उठू नका. "अंगठा लावून दाखवा" म्हणा. तो तुमचा हक्क आहे, आणि शिकवणाऱ्याला जेमतेम पाच मिनिटं लागतात.