विहिरीचं पाणी आणि टाकीतली झाडं

गोव्यात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ (म्हणजे कमी क्षारांचं), किंचित आम्लधर्मी. माशांच्या टाकीतल्या झाडांना ते मानवतं, पण कॅल्शियम कमी पडलं की नवी पानं वाकडीतिकडी येतात. फिल्टरमध्ये तिसऱ्यांचे मूठभर स्वच्छ शिंपले ठेवा, हळूहळू विरघळतात.

जुनी पानं पिवळी पडली तर बहुतेक नत्र कमी. आठवड्याला निम्मं पाणी बदला, मग ६० लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (कृषी दुकानातलं १३-०-४५ खत) विरघळवून घाला. नायट्रेट साधारण १० पीपीएमनं (लिटरमागे १० मिलिग्रॅम) वाढतं. युरिया नकोच, त्याचा अमोनिया होतो आणि मासे मरतात.

कोवळी पानं फिकट, शिरा हिरव्या? चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहणारं) द्या, फॉस्फेट खत घालता त्या दिवशी मात्र नको. दोन्ही मिळून साका बसतो. लोहासाठी अंगणातला जांभा कुटून टाकीत घालायचा मोह आवरा. पाणी तेवढं गढूळ होईल.