मागच्या डाव्या चाकाची घरघर गेली

गेली! पावसाळाभर जिच्यापायी मायलेजची वही बाजूला पडली होती, ती घरघर पूर्ण गेली. काल रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुलावरून पावसपर्यंत काचा खाली करून गेले. एसी बंद, गाणी बंद, जमेल तिथे इव्हीवर, म्हणजे नुसत्या विजेच्या मोटरवर. टायरचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. नव्या हायब्रिडची (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीची) ती सुरुवातीची शांतता परत मिळाली याचा आनंद किती झाला ते इथल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

लक्षणं पुन्हा एकदा सांगते, म्हणजे पुढचं नीट लागेल. ताशी तीस-चाळीसला मागून डावीकडून घर्र घर्र. वेगाबरोबर वाढणारी, ब्रेकवर हलका पाय ठेवला की बदलणारी. वळणावर मात्र आवाजात फरक नाही, म्हणून व्हील बेअरिंगवरचा माझा संशय कमी झाला होता. पुढचे टायर मागे आणि डावे उजवे करूनही आवाज जागचा हलला नाही. सर्व्हिस सेंटरने "हायब्रिडला असा आवाज असतोच" म्हणून जॉबकार्ड बंद केलं. हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. हायब्रिडमध्ये इंजिन बंद असताना बारीकसारीक आवाज ऐकू येतात हे खरं, पण ऐकू आला म्हणजे तो असायलाच हवा असं होत नाही.

धागा मिळाला तो कोल्हापूरहून येताना. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचलो आणि आवाज नाही! घरी आल्यावरही नाही. मग इथल्या इथे, मिऱ्या, बाजारपेठ, आरे-वारे असं फिरणं सुरू झालं आणि हळूहळू परत आला. पुढच्या वेळी घाट उतरल्यावर पुन्हा तोच प्रकार. घाटात असं काय होतं जे किनाऱ्यावर होत नाही?

गणित मांडलं. माणसं आणि सामान धरून गाडी साधारण १६५० किलो. १०० मीटर खाली उतरताना १६५० × ९.८ × १०० म्हणजे सुमारे १६ लाख ज्यूल सुटतात, म्हणजे ०.४५ युनिट. आपल्या वर्गातल्या गाड्यांची लिथियम बॅटरी अवघी ०.७६ युनिटची, आणि तिचा मधलाच भाग गाडी वापरायला देते. टायरने, वाऱ्याने थोडं खाल्लं तरी शेकडो मीटरचा घाट ही बॅटरी गिळू शकत नाही. घाट निम्माही उतरत नाही तोवर ओबीडीवर (गाडीतली माहिती दाखवणाऱ्या उपकरणावर) चार्ज वरच्या टोकाला, रीजन (मोटरने गाडी रोखून बॅटरी भरणं) बंद, इंजिन पेट्रोलशिवाय नुसतं फिरून गाडीला रोखू लागतं. (बी मोडमध्ये, म्हणजे उतारासाठीच्या गिअरमध्ये, इंजिन ओरडतं म्हणून घाबरणाऱ्यांना हेच उत्तर. ते जादा ऊर्जा उधळतंय.) आणि बाकीचा सगळा भार पडतो खऱ्या ब्रेकवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क आणि तिला दाबणारे पॅड यांच्यावर.

किनाऱ्यावर याच्या बरोबर उलट. आरे-वारेचे चढउतार छोटे, बाजारातला वेग कमी. ब्रेकवर पाय ठेवला तरी गाडी बहुतेक वेळा मोटरनेच थांबते, पॅड डिस्कला लागतात ते अगदी शेवटी, थांबता थांबता. त्यातही मागच्या चाकांच्या वाट्याला कमी काम. डिस्क बिडाची, हवा खारी, वर पाऊस. साध्या पेट्रोल गाडीत सकाळचा गंज पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसून निघतो. आपल्याकडे पुसणारं कोणी नाही, म्हणून तो साचत जातो, आणि घाट उतरला की घासून निघतो.

ही कल्पना डोक्यात घेऊन नाचण्याच्या मेस्त्रींकडे गेले. त्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही मागच्या डिस्कवर नेम धरून पाहिलं होतं. डावी उजवीपेक्षा जवळजवळ दुप्पट गरम. एक सूचना: चकचकीत धातूवर ही बंदूक तापमान कमी दाखवते. आकड्यावर जाऊ नका, दोन्ही बाजूंना एकाच जागी नेम धरून फरक बघा. एवढ्या स्वस्त उपकरणाने इतकं काम करावं याचं मला फार कौतुक आहे. टॉर्क रेंचनंतर माझ्या पेटीतली ही सगळ्यात मोलाची वस्तू.

मेस्त्रींनी चाक काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, ह्यो आवाज ब्रेकचाच हाय, पिन धरलीय." कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटेना. तो ज्यांवर सरकतो त्या दोन स्लाइड पिनांपैकी खालची आत घट्ट बसलेली, वरची मोकळी. त्यामुळे कॅलिपर तिरका चालत होता, आतला पॅड बाहेरच्याच्या निम्म्याने उरला होता आणि डिस्कच्या कडेला गंजाचा उभा काठ तयार झाला होता. तोच पॅडला घासत होता. हँडब्रेक कॅलिपरमध्येच असल्याने मागचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत घालावा लागतो. घरी करणाऱ्यांनी त्याचं हत्यार आधी मिळवा, सी-क्लॅम्प लावून जोर करू नका.

पिन घासली, वायर ब्रशने काठ काढला, ब्रेक क्लीनर मारला, पॅडला पॉलिशपेपर दाखवला, सगळं बसवलं. आवाज बंद. ही श्रावणातली गोष्ट.

आणि गणपतीत तो परत आला! घर माणसांनी भरलेलं, गाडी अंगणातच उभी, वर सरीवर सर. विसर्जनानंतर चावी लावली तर पहिल्या वळणालाच घर्र घर्र. त्या संध्याकाळी मला खरोखर वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा उघडल्यावर खरं कारण हाती लागलं. खालच्या पिनवरच्या रबरी बुटाला (पाणी आत जाऊ न देणाऱ्या टोपणाला) घडीत चीर होती. दुमडलेल्या अवस्थेत दिसतच नाही, ओढून ताणल्यावर उघडते. तिथून खारं पाणी आत, आणि वरून कितीही ग्रीस भरलं तरी ते धुऊन जाणार. रत्नागिरीत विचारलं तर प्रत्येक जण अख्खा कॅलिपर घ्या म्हणतो. हजारोंचं बिल, तेही बोटभर रबरासाठी! शेवटी कोल्हापूरच्या एका दुकानदाराने पिन-बुटांचं किट शोधून एसटी पार्सलने पाठवलं. सकाळी टाकलेलं संध्याकाळी स्टँडवर हजर. सुट्या भागांसाठी एसटी पार्सलवर माझा कुरिअरपेक्षा जास्त विश्वास आहे.

पिनला ग्रीस लावताना मात्र हट्ट धरा. गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं किंवा लाल ग्रीस नको. पेट्रोलियम असलेल्या ग्रीसने ब्रेकचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा धरते. ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस घ्या, छोटी ट्यूब पुष्कळ दिवस पुरते. डिस्कवर गंज काढायचा स्प्रे मारायचा मोह टाळा, पॅड तेल पितात.

तेव्हापासून आवाज नाही आणि दोन्ही डिस्कचं तापमान जवळपास सारखं. टाकी ते टाकी मोजल्यावर मायलेज २१च्या आसपास अडकलं होतं ते २४च्या वर गेलंय. मधल्या काळात मी सगळा दोष ई-२०ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) देणाऱ्यांचं ऐकत होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, तेव्हा वीस टक्के मिश्रणाने सहा-सात टक्के जाणार हे गणित बरोबरच आहे. पण माझी घट त्याहून मोठी होती, आणि ती घासणाऱ्या पॅडने खाल्ली होती.

आता नेहमीचा नेम असा ठेवलाय. पहाटे हातखंब्याकडच्या मोकळ्या, सपाट पट्ट्यावर मागेपुढे कोणी नसताना गाडी न्यूट्रलला टाकून सावकाश पण दमदार ब्रेक लावायचा. न्यूट्रलमध्ये रीजन नसतं, सगळं काम पॅडकडे जातं, डिस्क लख्ख होते. घाटात, उतारावर, वाहतुकीत हे करू नका. गाडी धुतली की लगेच उभी न करता चक्कर मारून ब्रेक वाळवायचे. आणि सपाट अंगणात रात्री हँडब्रेक न ओढता पी-मध्ये (पार्किंगच्या गिअरमध्ये) ठेवून चाकाला ठोकळा लावायचा, म्हणजे ओला पॅड डिस्कला चिकटत नाही.

डिस्कच्या मधल्या भागाला उष्णता सोसणारा रंग द्यायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलंय. गाडी अंगणात कायम उत्तरेला तोंड करून असते, म्हणजे डावी बाजू पश्चिमेला, सरळ समुद्राच्या वाऱ्यावर. चीर डाव्या बाजूलाच पडावी हा योगायोग असेलही, पण तपासणं सोपं आहे. आजपासून गाडी दक्षिणेला तोंड करून. रंग राहू दे. त्याऐवजी पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचा झाप उभा करते. घराला पावसाळ्यात लावतो तसाच, पण गाडीसाठी बारमाही. उजव्या पिनचं किटही मागवून ठेवते.

चिपळूणच्या दादाची हायब्रिडची खरेदी अजून अडलेली. घरात आजी धरून सहा माणसं, म्हणून त्याचं मन टोयोटाच्या हायक्रॉसवर: दोन लिटरचं इंजिन, सात-आठ सीट, कंपनीच्या दाव्याचं मायलेज २३.२४. वहिनीला टोयोटाचीच पाच सीटची हायरायडर हवी, दाव्याचं २७.९७, पण बॅटरीमुळे डिकी आखडलेली. एप्रिलमध्ये मुंबईला आंब्याच्या पेट्या न्यायच्या तर तो प्रश्न खराच आहे, आणि सहावा माणूस बसणार कुठे? मी हायक्रॉसच्या बाजूने. २२ सप्टेंबर २०२५पासून या आकाराच्या हायब्रिडवरचा कर ४३वरून ४० टक्के झाला, तरी विजेच्या गाडीच्या ५ टक्क्यांपुढे तो जाचतोच. म्हणून आता पुण्यातली वापरलेली बघायचं चाललंय, आणि मला ते जास्त पटतं. पुण्याची गाडी म्हणजे खाऱ्या हवेत न राहिलेली.

गाडी बघायला जो तो बॅटरीची काळजी घेऊन जातो. टोयोटा आणि मारुती दोघेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी देतात, तेव्हा दादाला सांगितलंय की बॅटरीचे कागद बघ आणि मग टॉर्च घेऊन खाली बस. अलॉयच्या फटीतून मागच्या डिस्कचा काठ बघ, दोन्ही बाजू सारख्या झिजल्यात का बघ, मागच्या सीटच्या कडेची बॅटरीच्या हवेची जाळी असेल तर तिच्यावर धूळ किती ते बघ. आमच्याकडे त्या जाळीवर जांभ्याची तांबडी पूड बसते, मी ती दर महिन्याला ब्रशने काढते.

मालवण, वेंगुर्ला, श्रीवर्धन, मुरुडकडे हायब्रिड असलेल्यांना विनंती: गावातल्या गावात फिरून आल्यावर दोन्ही मागच्या डिस्कचं तापमान मोजा आणि गाडी कुठल्या दिशेला तोंड करून उभी असते तेही लिहा.